गाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट
महोदय,
सीटी स्कॅनमध्ये थोरल्या भावाच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली आणि घरात रडारड सुरू झाली. एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने त्यातले पाणी काढले. रिपोर्ट आला : ‘सीईए ४१०’. सीईए हे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे प्रथिन. त्याचे रक्तातले नेहमीचे आकडे मोबाइलवर पाहून आम्ही कॅन्सर ठरवूनही टाकला! पण गाठीतल्या पाण्याचा हिशेबच वेगळा. तिथे हे प्रथिन मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर गाठ बहुधा चिकट स्राव करणारी, म्हणजे लक्ष ठेवण्याजोगी, एवढेच कळते. कॅन्सर आहे की नाही, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. डॉक्टरांनी हे समजावेपर्यंत चार रात्री गेल्या. रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी छापायला लॅबना काय अडचण आहे?
– एक वाचक, सातारा