डग्गा ऐकायला शिकवणाऱ्या कॅसेटवाल्या काकांना

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला कधी कळलंच नाही. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या बोळात तुमचं दुकान होतं. पुढे कॅसेट भरून द्यायचं काम, मागे टेपरेकॉर्डर दुरुस्ती. १९९३ साली अकरावीतला एक किडकिडीत मुलगा चिठ्ठी घेऊन आला होता, तो मी.

चिठ्ठीवर दोनच गाणी होती, दोन्ही क्वीन या इंग्लिश बँडची. 'वी विल रॉक यू' आणि 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला, तिथल्या सेंट पीटर्समध्ये तो फारुख बलसारा होता, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे मला कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं. पसरणी घाट चढून गेलं की जो गाव येतो तिथला पोरगा! माझी छाती उगाचच फुगली होती.

तुम्ही चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालात, "नव्वद मिनिटांची कॅसेट घेतलीस आणि गाणी दोन? बाकीची मी भरतो. पैसे कॅसेटचेच दे."

दोन दिवसांनी कॅसेट मिळाली. कार्डावर निळ्या शाईत, देवनागरीत गाण्यांची नावं. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मधला 'व्ह' तुम्ही खोडून पुन्हा लिहिला होतात. काही नावांपुढे बारीक फुली होती. फुली कसली, विचारलं, तर म्हणालात, "भजनात तबल्याची चाट सगळ्यांना ऐकू येते. डग्गा ऐकायला कान लागतो. फुलीवाल्या गाण्यांत डग्गा ऐक."

घरी येऊन ऐकलं, डग्गा कुठे सापडेना. आमच्या टेपच्या स्पीकरमधून सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं यायचं. तक्रार घेऊन आलो, तेव्हा तुम्ही दुकानातला स्वतःचा हेडफोन काढून दिलात. "परीक्षेपर्यंत ठेव."

त्या रात्री 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लावलं. एकाच सुरावरचे ते तीन ठोके. मग गाणं सुरू झालं तरी मी त्याच्या खालूनच चालत राहिलो. फ्रेडी वर ओरडतोय आणि खाली एक माणूस मान खाली घालून आपलं काम करतोय. तो माणूस जॉन डीकन. बास गिटार, म्हणजे बँडचा डग्गा, वाजवणारा, बँडमध्ये सगळ्यात शेवटी, १९७१ साली आलेला, सगळ्यात धाकटा, सगळ्यात गप्प. ते गाणंही त्याचंच.

फुल्यांचा उलगडा नंतर झाला. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री', 'स्प्रेड युवर विंग्ज', सगळी डीकनची. 'अंडर प्रेशर' नावापुरतं सगळ्यांचं आणि गायक डेव्हिड बोवीचं, पण तो सुरुवातीचा बास काढा, काय उरतं? 'बेस्ट फ्रेंड' त्यानं बायकोसाठी लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडत नव्हता, म्हणून यानं स्वतःच वाजवला. आजही माझं सगळ्यात लाडकं गाणं तेच. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' मोठं आहे, मान्य, पण सहा मिनिटांचं ते नाटक मी वर्षातून चारदा ऐकतो. 'बेस्ट फ्रेंड' भांडी घासताना रोज लागतं. (आणि 'वी विल रॉक यू'मध्ये बासच नाही, हे कळल्यावर तुम्ही मला का हसला होतात तेही कळलं.)

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. लंडनमध्ये रस्त्यावरच्या कचऱ्यात त्याला एक सर्किट सापडलं, ते घरी नेऊन त्यानं बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर बनवला. बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं पुढे वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगमध्ये आपली गिटार त्यातून वाजवली. हे वाचलं तेव्हा तुमचं मागचं टेबल डोळ्यांसमोर आलं: उघडे टेप, सोल्डरिंगचा वास, फुटक्या रेडिओतून काढून डबीत जपलेले स्क्रू.

फ्रेडी १९९१ साली गेला. १९९७नंतर डीकननं गाणंबजावणं सोडलं, आणि तो घरीच राहिला. बाकीच्या दोघांनी त्यानंतरही स्टेडियमं भरवली. मी काही ती तिकिटं काढली नाहीत.

बारावीनंतर मी पुण्याला गेलो. दिवाळीत आलो तर दुकानाला कुलूप, शेजारच्यांना पत्ता ठाऊक नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

कॅसेट अजून आहे. दुसऱ्या बाजूला शेवटचं 'स्प्रेड युवर विंग्ज'. ते अर्ध्यात असताना फीत संपते आणि खट् होतं. पूर्ण गाणं मी दहा वर्षांनी ऐकलं, पण त्या जागी आजही माझे कान त्या 'खट्'साठी थांबतात. मी कॅसेट उगाच नव्वदची घेतली असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही, काका, दोनेक मिनिटं कमीच पडली.

खूप आभार. हे तुमच्यापर्यंत पोचलं तर निरोप धाडा. तुमचा हेडफोन माझ्याकडेच आहे. डावा कान चालतो.

आपला,
चिठ्ठीवर दोनच गाणी आणलेला