वाड्यावरच्या आंटींना, देव बरें करूं

प्रिय आंटी,

समोरासमोर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर सरळ उठून चहा टाकायला जाता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. मराठी पेपर रोज वाचता, तेव्हा हेही वाचाल.

बँकेतली माझी बदली म्हापशाला झाली तेव्हा नवरा जहाजावर होता, मुलं लहान होती आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणायचे, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. वसईत आमच्या आळीत (इथे तिला वाडा म्हणतात) एक हाक मारली की चार घरं धावून येतात. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गायनं मराठीत. इथे रविवारी चर्चमध्ये गेलो की हातात रोमन अक्षरांतलं कोकणी गायनांचं पुस्तक, आणि मुलं ओठ मिटून उभी. आईला तर चर्चला नेताच येत नव्हतं. “देवळाची पायरी सुटली गं माझी,” एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते पेजेचं भांडं घेऊन. भांडं ओट्यावर ठेवलंत, हात धुतलेत आणि आईच्या पाठीवरून, टाचांवरून हात फिरवून पाहिलात. सरकारी इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात गेलेली तुमची, कंबरेजवळची लाल झालेली कातडी तुमच्या लगेच लक्षात आली. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. कमरेखाली आडवी चादर घालून तिच्याच आधारानं आईला कुशीवर कसं वळवायचं, तेही तुम्ही माझे हात धरून शिकवलंत. मी बँकेत असायची तेव्हा दुपारची कूस बदलायला तुम्ही यायचात. आईच्या पाठीला जखम झाली नाही, याचं श्रेय सर्वस्वी तुमचं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते आपल्या तेर्साबद्दल, जपमाळेच्या प्रार्थनेबद्दल. संध्याकाळी आंजेलूसच्या प्रार्थनेची घंटा झाली की तुम्ही यायचात, आईच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायचात. तुम्ही “नमान मोरिये” ही मरियेची प्रार्थना कोकणीत सुरू करायचात आणि पुढचा अर्धा भाग आई म्हणायची, “हे पवित्र मरिये”. तिची जीभ जड झाली होती, शब्द अर्धे सांडायचे. ती पूर्ण करेपर्यंत तुम्ही थांबायचात. मुलांना घाई व्हायची, मलाही कुकर दिसत असायचा, पण तुम्ही पुढचा मणी सरकवत नव्हता. नवऱ्याच्या जहाजावर नेट असलं की फोन घरातल्या आल्तारापाशी, म्हणजे देव्हाऱ्यापाशी, मेणबत्तीच्या स्टँडला टेकवून ठेवायचो आणि पलीकडून इंजिनाच्या घरघरीत त्याचाही आवाज यायचा. तेर्स झाला की मुलं आधी आजीकडून, मग तुमच्याकडून बेसांव (आशीर्वाद) घ्यायची. ही सवय त्यांना तुम्हीच लावलीत.

गुरुवारची गोष्ट तर मी कुणाकुणाला सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जपमाळेत प्रकाशाची रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) घातली आणि तेव्हापासून ती गुरुवारी म्हणतात. आईच्या डोक्यात मात्र लहानपणापासूनचा क्रम पक्का: सोमवार-गुरुवार आनंदाची रहस्यं. दुसरं काही सुरू झालं की ती कावरीबावरी व्हायची, रडायला लागायची. मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गातून नवा क्रम शिकून आली होती, ती आजीला दुरुस्त करायला गेली तर तुम्ही तिचा हात नुसता दाबलात. आईबरोबर आनंदाची रहस्यं म्हटलीत आणि मग मुलांना घेऊन स्वयंपाकघरात बसून प्रकाशाची. दर गुरुवारी दोन तेर्स. तुमचे गुडघे दुखत होते, हे मला माहीत आहे. त्या म्हातारीचा देव तिच्या ओळखीचा राहावा म्हणून तुम्ही एवढं केलंत.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) द्यायला फादर घरोघर जातात, त्या यादीत आईचं नाव तुम्हीच घातलंत. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, पेटती मेणबत्ती, पाण्याचा पेला, सगळं आदल्या दिवशी दाखवून गेलात. आईला संकोच वाटत होता की इथल्या फादरांसमोर आपण मराठीत कसं उत्तर द्यायचं. तेव्हा तुम्ही तिला फादर थॉमस स्टीफन्सांची आठवण करून दिलीत. इंग्लंडहून 1579 मध्ये गोव्यात आलेल्या त्या जेझुइट धर्मगुरूनं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती 1616 मध्ये गोव्यातल्याच सासष्टीत, राशोलला छापली गेली. “तुझी भास हांगाच्या इगर्जेक नवी न्हय गो,” तुझी भाषा इथल्या चर्चला नवी नाही गं, असं म्हणालात. ख्रिस्तपुराणाचं नाव आई ऐकून होती, पण ते याच गोव्यात छापलं गेलं हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानंतर तिच्या तोंडून ‘परकं गाव’ हे शब्द मी ऐकले नाहीत.

मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे इथल्या मरियामातेच्या, फेस्ताला आईच्या नावची मेणबत्ती घेऊन तुम्ही गेलात आणि मागच्या घरातल्या काकू तेल घेऊन तुमच्याबरोबर गेल्या. काकू शिरगावच्या. तिथली देवी लईराई आणि मिलाग्रिस बहिणी, तेव्हा तिच्याकडे जायला मला आमंत्रण कशाला, असं त्या म्हणाल्या. त्यांचेही आभार इथेच मानते.

उपवासकाळात आई गेली. रात्रीची वेळ, मी एकटी. तुम्ही आलात, माझ्याबरोबर तिला आंघोळ घातलीत. तिनं बाजूला काढून ठेवलेलं लुगडं नेसवायचं होतं. नऊवारी तुम्ही कधी हाताळलेलं नव्हतं. मी सांगत गेले आणि तुम्ही निऱ्या धरून ठेवल्यात, एकही सुटू दिली नाहीत. सकाळपर्यंत वाड्यावरची पोरं खांदा द्यायला दारात उभी होती. नवऱ्याला पोचता आलं नाही. त्यानं फोनवरच सगळं पाहिलं, आणि सातव्या दिवसाच्या मिस्सालाही तो फोनवरच होता. आपल्या जागी कोण उभं राहिलं हे तो विसरलेला नाही आणि विसरणारही नाही. त्याच्याही वतीनं मी हे लिहिते आहे.

तेर्स अजून चालू आहे. मुलगा आता पहिला अर्धा भाग कोकणीत म्हणतो, मुलगी मराठीत उत्तर देते. तुम्ही आलात की तो भाग आपणहून तुमच्याकडे जातो. तुमचे गुडघे बरे नसतात त्या दिवशी आम्हीच तुमच्या घरी यायचं, असं मुलांनी ठरवून टाकलं आहे. नाही म्हणू नका.

आणखी एक. मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसाची लदीन (क्रुसापुढची गायन-प्रार्थना) आहे, तोवर नवरा सुट्टीवर आलेला असेल. लदीनीनंतर वाटायचे यंदाचे चणे आमच्याकडून. क्रुसाची रंगरंगोटी आणि पताका तो आणि मुलं करतील. व्हायोलिन वाजवणाऱ्यांना मात्र तुम्हीच सांगा, ते तुमचं ऐकतात. चणे किती किलो भिजत घालायचे आणि त्यात खोबऱ्याचे काप किती लागतात, तेवढं या रविवारी मिस्सानंतर मला सांगा. मी चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबते.

तुमची,
शेजारची वसईकरीण