कुठे थांबता येतं ते आधी बघ

मनू,

काल फोनवर म्हणालीस की कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, आत्ता कोविडचे निर्बंध सैल झालेत तर पटकन घराचा सगळा पाया खोदून घेऊ, पुढचं पुढे बघू. मला काही ते पटलेलं नाही, आणि फोनवर तू मधेच "हो बाबा हो बाबा" करतेस म्हणून लिहूनच पाठवतोय, निवांत वाच. सगळी नोकरी साइटवर गेलीय माझी, एवढं तर ऐकशील.

हे बघ, एरवी आपण विचारतो काम कधी संपणार. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हापासून तो प्रश्नच बाद झालाय. आता एवढंच विचारायचं की उद्या सकाळी साइट बंद करा म्हणून ऑर्डर आली तर हे काम आहे तसं महिनाभर सोडता येईल का? येत असेल तर सुरू कर, नसेल तर माणसं आणि माल हाताशी येईपर्यंत हात लावू नको. उघडा खड्डा सोडता येत नाही, एक जोरदार पाऊस आला की कडा ढासळतात, तळाची माती मऊ होते आणि तीच खोदाई परत करायला लागते, तीही तुझ्या पैशाने. म्हणून जेवढं खोदशील तेवढ्यात लगेच पाया भरता आला पाहिजे. जोत्यापर्यंत आलं आणि माती भरून दाबली की मग खुशाल थांब, जोतं काही कुठे पळून जात नाही. वर डोकावणाऱ्या कॉलमच्या सळयांना तेवढा सिमेंटचा पातळ हात मारून ठेवायला सांग. नुसता लालसर गंज आला तर घाबरू नको, पापुद्रे सुटायला लागले तर मात्र तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नको.

स्लॅबचं वेगळं आहे. तो एकदा सुरू केला की त्याच दिवशी पुरा व्हायला हवा. मधेच थांबायची वेळ आलीच तर जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड, दोन बीममधल्या गाळ्याच्या मधल्या भागात घ्यायचा, बीमच्या अगदी कडेला नाही, आणि हे इंजिनिअरकडून आधीच ड्रॉइंगवर मारून घे, आयत्या वेळी तिथे कोणी ऐकत नसतं. आणि खरी मेख पुढेच आहे. स्लॅब पडला की सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि नेमकी तेव्हा साइट बंद झाली तर पाणी कोण मारणार? पहिल्या ७ दिवसांत काँक्रीट २८ दिवसांच्या ताकदीतली साधारण दोन तृतीयांश ताकद कमावतं, तेही ओलं राहिलं तर. त्यामुळे साइटवरच राहणारा किंवा अगदी जवळचा एक माणूस फक्त पाण्यासाठी ठरवून ठेव, त्याला पास वगैरे लागत असेल तर तो आधीच काढ. सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालचा साचा लावणारा, प्लेटा दुसरीकडे हव्यात म्हणून घाई करेल, इंजिनिअरने लेखी हो म्हटल्याशिवाय एक टेकू हलू देऊ नको.

सिमेंट स्वस्तात मिळतंय म्हणून भरून ठेवायचा मोह होईल. नको. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद पाचवा हिस्सा तरी उतरलेली असते, दमट जागा असली तर आणखी. सळई घेऊन ठेवलीस तर चालेल, फक्त जमिनीवर टाकू नको.

खिडक्या आणि नळ-फिटिंगची ऑर्डर मात्र आत्ताच दे, बाहेरून येणाऱ्या मालाचं काही खरं राहिलेलं नाही, मार्च २०२१ मध्ये एकच जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं झालं तर केवढा गोंधळ उडाला बघितलास ना. पण खिडक्या आधी आणि भिंत नंतर म्हटल्यावर माप चुकलं तर बोंबच, म्हणून त्याच मापाची साध्या लाकडाची चौकट करून गवंड्याच्या हातात दे.

माणसांबद्दल एक. उघड्या सांगाड्यात हवा खेळती असते, तिथे मला फारशी काळजी नाही. खिडक्या बसल्या, आत प्लास्टर, वायरिंग, फरशी सुरू झाली की एकाच खोलीत पाच जण कोंबले जातात, तिथे एका वेळी एका मजल्यावर एकच टीम ठेव, वेळ लागला तरी. आणि कोणाला ताप आला तर त्याची मजुरी कापायची नाही हे मुकादमाला सगळ्यांसमोर सांग. कापलीस तर तो ताप लपवून येणार, मी असतो तर मीही आलो असतो.

पैसे टप्प्यावर दे, तारखेवर नाही.

तुला जाता येत नसेल त्या दिवशी व्हिडिओवर नुसतं "झालं का" विचारू नको. आखणीच्या वेळी टेप कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरायला लाव, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत, दोन्ही आकडे सारखे आले तरच खोली काटकोनात आहे. टेपची शून्याची बाजूसुद्धा कॅमेऱ्यात दिसली पाहिजे, बरं का!

आणि सळया बांधून झाल्या की मला फोटो पाठव, खालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, दिसतील असे. काँक्रीट ओतायच्या आधी पाठव, नंतर पाठवलेस तर मी नुसताच बघत बसणार.

बाबा