बाबा, निमंत्रकपद घेताय म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दोन समाजांत सलोखा राखणाऱ्या आपल्या सोलापुरातल्या मोहल्ला समित्यांच्या जाळ्याचं निमंत्रकपद तुम्ही घेताय असं आई म्हणाली. घ्या. फक्त ‘अध्यक्ष’ अशी पाटी लावून घेऊ नका, मुदत दोनच वर्षांची ठेवा आणि सोबत दुसरा निमंत्रक मागून घ्या. तुम्ही साखर पेठेतले, तर दुसरा बेगम पेठेतला किंवा विजापूर वेशीकडचा असावा. एकट्या माणसाकडे सगळे फोन यायला लागले की बाकीच्या समित्या स्वतः काही ठरवायचं सोडून देतात. तुम्ही रात्री गोळी घेऊन साडेनऊला झोपता. साडेदहाला काही झालं तर तुम्हाला न उठवता काम चाललं पाहिजे.

पोलीस ठाण्यात सणाआधी भरते ती शांतता समिती निराळी. ती पोलीस बोलावतात. नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, विश्वस्त येतात, चहा होतो, फोटो निघतो. तिथे जात राहा, पण तिला आपलं काम समजू नका. आपल्या कामाचा नमुना भिवंडीचा आहे. 1984 साली तिथे मोठी दंगल झाली. नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या एरवीही बसायच्या आणि शेजारपाजारचे किरकोळ तंटे तिथेच मिटवायच्या. ओळख आधीची असेल तरच वाईट रात्री फोन उचलला जातो.

म्हणून बैठक दरमहा, सव्वा तासाची, आणि विषय गटार-पाण्याचेसुद्धा. वेळ ठरवताना आईला विचारा. संध्याकाळी सातला बैठक ठेवली की बायका येत नाहीत. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर कोणीच येत नाही, आणि सोलापुरात प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस वेगळा! विडी वळणाऱ्या बायका समितीत हव्यातच. कारखान्यात माल द्यायला रांगेत उभ्या असतात तेव्हा शहरातली कुजबुज पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडते. लागोपाठ तीन बैठका चुकवणाऱ्याला काढू नका, घरी जाऊन भेटा. बहुतेकदा कोणीतरी बैठकीत टोचून बोललेलं असतं.

अफवेचं काम सगळ्यात नाजूक, ते जरा सविस्तर लिहिते. निरोप आला की तीन प्रश्न: नेमकं कुठे, किती वाजता, डोळ्यांनी पाहणारा कोण? ‘माझ्या मित्राच्या ग्रुपवर आलंय’ हे उत्तर धरायचं नाही. मग त्या भागातले दोघे, दोन वेगवेगळ्या समाजांचे, एकत्र जागेवर जातात. हातात मोबाईल धरून जायचं नाही. चित्रीकरण करतोय असं दिसलं की गर्दी वाढते आणि तेच दोघे अडकतात. वीस मिनिटांत त्यांनी निमंत्रकांपैकी एकाला फोन करायचा. खरंच काही घडलं असेल तर लपवायचं नाही. ‘अपघात झाला, जखमी दवाखान्यात आहे, पोलीस आलेत’ एवढंच सांगायचं.

‘हे खरं आहे का?’ असं विचारत मूळ व्हिडिओच ग्रुपवर टाकणं ही नेहमीची चूक, आणि शहाणी माणसंच ती करतात. विचारणारा तो पसरवतच असतो. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 196 (पूर्वीचं 153अ) दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुराबद्दल आहे, आपल्या माणसावरच चौकशी यायची. व्हिडिओ एकाच ठरलेल्या व्यक्तीने पोलिसांना द्यावा. खुलासा करतानाही अफवेचं वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही. तीस सेकंदांचा आवाजी निरोप करा, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत, त्या त्या वस्तीत ओळखीच्या आवाजात. लेखी नको, कारण आपल्याकडची कितीतरी माणसं बोलतात तेलुगू आणि वाचतात मराठी. म्हाताऱ्यांना तर दोन्ही वाचता येत नाही. ग्रुपमध्ये संदेश टाकायची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली कामाचा निरोप गाडला जाईल.

सणांची वही जानेवारीतच करा, आणि पेन्सिलीने. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, त्यात अधिकमास नसतो, म्हणून मोहरम आणि ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. चंद्रदर्शनाने आणखी एक दिवस इकडेतिकडे होतो. आपल्याकडे अधिकमास आला की गणपती उलट लांबतो. 2023 ला अधिक श्रावण होता आणि 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने ईदचा जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने 29 तारखेची सुट्टी दिली. असा निर्णय महिनाभर आधी, चार भिंतींत झाला तर सोपा जातो. आयत्या वेळी मागितला तर तीच गोष्ट माघार वाटते.

मिरवणुकीच्या आठ दिवस आधी मार्गावरून त्याच वेळी, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून चालायचं. अरुंद वळणं, लोंबत्या तारा, मशीद, मंदिर, दवाखाना यांची नोंद करायची. मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथला सूर्यास्त सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. तेव्हा मिरवणूक मशिदीसमोर कोणी मुद्दाम नेलेली नसते, पुढचं मंडळ रेंगाळलं म्हणून ती तिथे तुंबते. म्हणून दोन मंडळांतलं अंतर सांभाळायला माणसं नेमा, ती मशिदीपाशी नव्हे तर अलीकडच्या चौकात. स्वयंसेवकांना पांढरा सदरा द्या. भगवा, हिरवा, निळा काहीच नको. डॉल्बीवर धर्म काढून वाद घालू नका, नियम दाखवा. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि सवलतीचे ठरावीक दिवस सोडले तर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 1931 साली फाशी झाली त्या दिवशी, 12 जानेवारीला, वार्षिक सभा घ्यावी असं कोणीतरी सुचवेलच. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही नावं आपल्या कामाला शोभतात खरी. पण तेव्हा निम्मी माणसं गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत असतात, तेव्हा अभिवादन त्या दिवशी आणि सभा फेब्रुवारीत.

पैशाचं थोडक्यात. समितीची न्यास म्हणून नोंदणी झाली की विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायलाच हवा. तो राहिला की पुढे बँकेत सही कोणाची, यावर सगळं अडतं. पावतीशिवाय रुपया घेऊ नका. चहाचा खर्चही एकाच दात्याकडून नको, पुढच्या वेळी त्याचा फ्लेक्स लागतो. आणि महापालिकेला उभं राहायचं ज्याच्या मनात आहे त्याने आधी समिती सोडावी, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर लिहायला गेलात तर ते कोणा एकावर रोखल्यासारखं दिसेल.

आई, बैठक आपल्या घरी भरवू देऊ नकोस, चहा तुझ्याच गळ्यात पडेल. वाचनालयाची खोली बघा. तुझं नाव समितीत मात्र घाल. पुढच्या आठवड्यातला पाण्याचा वार कळव, म्हणजे पहिल्या बैठकीचा दिवस ठरवता येईल.

तुमची,
धाकटी