बाबांचा हात आणि गोल्फ

ति. आई-बाबा,
सा. न.

बाबा, कुठे आपटलं नाही की मुरगळलं नाही, तरी खेळताना डावा हात दुखतो, हे आईकडून कळलं. मलम चोळण्याआधी एवढं लक्षात घ्या की तो नेमका कधी दुखतो.

अठरा होलचा पूर्ण डाव म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल, त्यात चढ. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात नसताना, नुसतं चालताना हात भरून येत असेल आणि पाच-दहा मिनिटं थांबल्यावर ओसरत असेल, तर खेळ तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचं दुखणं असंच हातात, जबड्यात, पाठीत उतरतं. मधुमेह असला की छातीत दुखेलच असं नाही. आडवं झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असंही नाही. ताण दिल्यावरची तपासणी लागेल का, ते डॉक्टरांनाच विचारा. बसल्याजागीही दुखणं थांबत नसेल, घाम आणि दम असेल, तर १०८. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. आई, इथे त्यांचं काही ऐकू नकोस.

फटका बसताक्षणी कळ येत असेल तर गोष्ट वेगळी. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या कोपराची बाहेरची बाजू आणि उजव्याची आतली बाजू जास्त धरते. घरी बघायचं तर डावा हात सरळ, तळवा खाली, आणि जेवणाच्या टेबलाची हलकी खुर्ची पाठीला धरून उचला. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ कळ आली तर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तिथे दुखावलाय. कोपर शांत, पण मान मागे करून डावीकडे वळवल्यावर हातात कळ उतरते किंवा अंगठ्याकडे मुंग्या येतात, तर मानेतली नस तपासायला हवी. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर कोपराच्या आतल्या बाजूची नस. आणि डाव्या तळव्यात करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा पुढे, दाबल्यावर दुखत असेल तर क्लबच्या टोकाने तिथलं बारीक हाड मोडलेलं असू शकतं. साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा हुकतं. सीटी स्कॅन लागतो.

कंडराच असेल तर दोष बऱ्याचदा पकडीचा आणि जमिनीचा असतो. रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या जागेवरच्या, मॅटखाली काँक्रीट असतं. गवतावर क्लब माती कापून पुढे जातो, मॅटवर तो थडकतो आणि तो हादरा कोपरात येतो. रेंजवर चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवून मारा, आणि शंभर चेंडूंची बादली संपवायचा हट्ट नको. क्लबची ग्रिप, म्हणजे मुठीवरचं रबर, गुळगुळीत झाली की हात नकळत आवळला जातो. डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या उशीला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. नवी बसवताना खाली टेपचा एकेक जादा वेढा घेऊन जाडी वाढवता येते. स्टीलच्या शाफ्टपेक्षा, म्हणजे क्लबच्या दांड्यापेक्षा, ग्राफाइटचा हादरा कमी; पण आधी ग्रिप, खर्च तिथेच वाचेल.

व्यायाम कंटाळवाणा आहे, पण उपाय तोच. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा, उजव्या हाताने डावा पंजा वर उचला आणि मग फक्त डाव्याच्या जोरावर चार-पाच सेकंद घेत खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर पाणी कमी करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात सगळे सोडून देतात. पट्टा लावलात तर कोपरावर नको, दोन बोटं खाली, स्नायूवर. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लगेच बरं वाटतं, पण दुखणं परतण्याचं प्रमाण मोठं, म्हणून घाई नको. बीपीच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या तर नकोच.

तोवर पटिंग, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलणं, खुशाल करा. कळ थांबली की आधी चिपिंग (जवळून हलका उंच फटका), मग छोट्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) अर्धा स्विंग, लांब मारायचा ड्रायव्हर सर्वांत शेवटी. आई, टॉवेल पिळणं, पाण्याचा कॅन उचलणं ही कामं सध्या त्यांच्या डाव्या हाताला देऊ नकोस. रविवारी व्हिडिओ कॉलवर खुर्ची उचलून दाखवा.

तुमची,
लेक