टेस्टोस्टेरॉनचा आकडा नको, घरातला आजार विचारा

संपादक, सप्रेम नमस्कार,

सारसबागेत फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हल्ली साठीपुढचे लोक टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी हार्मोनचे, रिपोर्ट घेऊन येतात, आकडा वरच्या बाजूला असला की प्रोस्टेट कॅन्सर (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) होणार म्हणून झोप उडते आणि कमी असला की सुटलो म्हणून निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचं आहे. २००८ साली १८ अभ्यासांचा डाटा एकत्र करून बघितला, त्यात रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीचा आणि या कॅन्सरच्या धोक्याचा संबंध दिसला नाही. गोंधळ होतो कारण १९४१ मध्ये सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की हे हार्मोन बंद केलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, त्यासाठी १९६६ चं नोबेलही मिळालं, ते खरंच आहे, पण झालेल्या कॅन्सरला हार्मोन लागतं म्हणून जास्त हार्मोनमुळे कॅन्सर होतो असं नाही ना!

धोका घरात बघा. वडलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर शक्यता साधारण दुप्पट. प्रोस्टेट, ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए-२ जीनमधला बिघाड तर आईकडूनही येतो, म्हणजे आई-मावशीचा ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर पुरुषांनीसुद्धा डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. आमच्यातल्या एकाच्या लॅबच्या फॉर्मवर फॅमिली हिस्ट्रीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ, आणि त्याची सख्खी मावशी पन्नाशीच्या आत ब्रेस्ट कॅन्सरने गेलेली. कोणी विचारलंच नाही त्याला! तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एकदा सविस्तर छापा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे