डेथ व्हॅलीतल्या त्या दोघींचे आभार

एप्रिलअखेरीस लास वेगासहून बसने आम्ही डेथ व्हॅली नॅशनल पार्क बघायला गेलो. १९१३ साली इथे फर्नेस क्रीकला ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, असं गाइडबाईंनी सकाळीच सांगितलं होतं. पाणी सोबत ठेवा, हेही दोनदा बजावलं होतं. तरी बॅडवॉटर बेसिनला उतरताना आईची बाटली मी सीटवरच विसरलो.

ही जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. पांढरंशुभ्र मीठ बघून आई हौसेने बरीच आत चालत गेली आणि परतताना भोवळ येऊन खालीच बसली. फोनला रेंज नाही. मला काही सुचेना.

आमच्याच बसमधल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या, छत्री उघडून आईवर धरली आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. गाइडबाईंनी गळ्यातला निळा रुमाल थंड पाण्यात भिजवून आईच्या मानेवर ठेवला, घोटघोट पाणी पाजलं. आई मराठीत "मला काही झालं नाही" म्हणत होती, त्या इंग्रजीत समजावत होत्या. दोघींचं छान जमलं! मग दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी तिला बसपर्यंत आणलं. छत्रीवाल्या बाईंनी आपली पुढची सीट दिली. बस अर्धा तास थांबली, कुणी कुरकुरलं नाही.

गडबडीत नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. तो निळा रुमाल आमच्याकडेच आलाय, आईने धुऊन इस्त्री करून ठेवलाय.